बाबांची सीटी अँजिओ आणि 'ड्युअल एनर्जी'चे जादा पैसे

रामबागकर (इंदूर) – शुक्रवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. धागा घाईत काढतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

बाबा ७२ वर्षांचे. साखर जुनी, बीपीची गोळी चालू. हल्ली जिना चढला की छातीत भरून आल्यासारखं होतं, जरा थांबले की जातं. ईसीजीत विशेष काही नाही, इको बरा आहे. हृदयरोगतज्ज्ञांनी सीटी कोरोनरी अँजिओ (शिरेतून औषध देऊन हृदयाच्या धमन्यांची सीटी) लिहून दिली. इथवर ठीक.

आज शहरातल्या एका सेंटरवर चौकशीला गेलो, तर काउंटरवरच्या मुलीने दोन दर सांगितले. एक साधी सीटी अँजिओ, दुसरी 'ड्युअल एनर्जी'. दुसरीचा दर जवळजवळ दीडपट. फरक काय म्हणून विचारलं तर म्हणे, "सर, उसमें सब कलर में आता है." आता बाबांचं हृदय रंगीत दिसलं काय नि काळंपांढरं दिसलं काय, आपल्याला ब्लॉकेज आहे की नाही याच्याशी मतलब. चिठ्ठीवर नुसतं 'सीटी कोरोनरी अँजिओ' एवढंच आहे आणि डॉक्टर सोमवारपर्यंत बाहेरगावी.

तर, ही ड्युअल एनर्जी काय भानगड आहे? हृदयासाठी खरंच उपयोग होतो की पैसे काढायचं पॅकेज? रेडिएशन दुप्पट बसतं का? जाणकारांनी कृपया लिहावं.

चिवट (पुणे) – शुक्रवार, रात्री ९:३२

पॅकेज. पुढचा प्रश्न?

रंग शरीरात नसतो, संगणक भरतो. ज्या चाचणीचं वर्णन काउंटरवर 'कलर में आता है' असं करतात, तिचे जादा पैसे देऊ नयेत असा माझा साधा नियम आहे.

किरणोत्सुक (इंदूर) – शुक्रवार, रात्री १०:४५

चिवट, इतकं सोपं नाही. निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. नोकरी सगळी सुखनिवासला, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात झाली. डॉक्टर नाही, तेव्हा बाबांनी काय करावं ते मी सांगणार नाही. क्ष-किरणांशी मात्र जुनी ओळख आहे.

साधा सीटी शरीरातल्या प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट मोजतो, किरण किती अडले ती. पाण्याला ० आणि हवेला उणे १००० धरून जे माप येतं ते हौन्सफील्ड. पंचाईत अशी की निरनिराळे पदार्थ एकच आकडा देऊ शकतात. धमनीच्या भिंतीत साचलेलं कॅल्शियम आणि शिरेतून सोडलेल्या औषधातलं आयोडीन, पडद्यावर दोन्ही पांढरेफटक.

किरण अडतात ते मुख्यतः दोन तऱ्हांनी. फोटोइलेक्ट्रिक परिणामात अणुक्रमांकाला फार महत्त्व, साधारण त्याच्या घनाच्या हिशोबाने, आणि किरणांची ऊर्जा वाढली की हा परिणाम झपाट्याने पडतो. कॉम्प्टन विखुरण्यात इलेक्ट्रॉनांची दाटी बघायची, ऊर्जेने फारसा फरक पडत नाही. कॅल्शियमचा अणुक्रमांक २०, आयोडीनचा ५३. ट्यूब १४० किलोव्होल्टवरून ८० वर आणली की आयोडीनचा आकडा जवळजवळ दुप्पट होतो. कॅल्शियमचाही वाढतो, पण बराच कमी. म्हणजे एकाच जागेची दोन मापं मिळाली तर दोन समीकरणं मांडून दोन अज्ञातं काढता येतात. ड्युअल एनर्जी ती एवढीच.

कल्पना आजची नाही. सीटीचं यंत्र बनवणाऱ्या खुद्द हौन्सफील्डने १९७३ च्या मूळ निबंधात लिहून ठेवलंय की एकाच छेदाची १०० आणि १४० किलोव्होल्टवर दोन चित्रं घेतली तर आयोडीन आणि कॅल्शियम वेगळे ओळखता येतात. १९७६ मध्ये अल्वारेझ आणि मॅकोव्हस्की यांनी त्याचं गणित नीट बसवून दिलं. पण तेव्हाच्या यंत्राला एका छेदाला काही मिनिटं लागायची. दोन चित्रांच्या मधे माणूस हलणारच. सतत धडधडणाऱ्या हृदयाचं तर नावच सोडा.

इंदूरकरांसाठी थोडं अवांतर. आपल्याकडे इंडस-२ आहे, २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून क्ष-किरण काढणारं प्रचंड यंत्र. आपण त्यावर हृदयं तपासत नाही. पण तशाच यंत्रांतून निघणाऱ्या किरणांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला आणि पुढे हॅम्बर्गच्या डेसी प्रयोगशाळेत जिवंत माणसांच्या हृदयाच्या धमन्यांची चित्रं घेतली गेली आहेत. आयोडीन ३३.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला एकदम जास्त किरण गिळायला लागतं. त्या कड्याच्या किंचित खालची एक ऊर्जा, किंचित वरची एक, दोन चित्रं घ्यायची आणि एकातून दुसरं वजा करायचं. हाडं, स्नायू, सगळं जातं, आयोडीन तेवढं उरतं. हृदयापर्यंत नळी न नेता औषध हाताच्या शिरेतून देऊन काम भागायचं. तरी ते चाललं नाही, कारण हॉस्पिटलच्या आवारात सिंक्रोट्रॉन कोण बसवणार? आपल्या इंडस-२ चाच परीघ १७२ मीटर आहे.

हॉस्पिटलच्या ट्यूबमधून अशी निवडक ऊर्जा येत नाही. '८० किलोव्होल्ट' म्हणजे ८० पर्यंतच्या सगळ्या ऊर्जांची भेळ. दोन भेळी एकमेकींत बऱ्याच मिसळलेल्या असतात, म्हणून वजाबाकी तेवढी स्वच्छ होत नाही. तंत्र खरं आहे, पण जाहिरातीत दिसतं तितकं धारदार नाही.

सुमामावशी (इंदूर) – शनिवार, सकाळी ७:०५

किरणोत्सुक, सकाळी सकाळी एवढं वाचून मला चहा परत करावा लागला. छान लिहिलंय, निम्मं कळलं.

रामबागकर, माझी सीटी अँजिओ झालेली आहे, साधीच. घाबरण्यासारखं त्यात काही नाही हे आईला आधी सांग, बाबांपेक्षा बायकाच जास्त घाबरतात. हाताला सुई लावतात, ते औषध गेलं की घशापासून खाली गरम लाट जाते आणि आपल्याला कपड्यातच झाली की काय असं वाटतं. झालेली नसते. मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, मी मेली लाजेने अर्धी झाले होते.

काळीपांढरीफिल्म (ग्वाल्हेर) – शनिवार, सकाळी ११:२०

रेडिओलॉजिस्ट आहे. धाग्यावर निदान करत नाही, सर्वसाधारण लिहिते.

हृदयाच्या सीटीत आमचा खरा शत्रू कॅल्शियम. हृदयाची धमनी सुरुवातीला तीन-चार मिलिमीटरची, पुढे आणखी बारीक. भिंतीत कॅल्शियमचा खडा असला की तो चित्रात आहे त्याहून मोठा दिसतो, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा दिसतो तसा. याला आम्ही ब्लूमिंग म्हणतो. खडा फुगला की शेजारची मोकळी वाट झाकली जाते, मग ५० टक्क्यांचा अडथळा ७० चा वाटतो. रिपोर्टमध्ये 'महत्त्वाचा अडथळा नाकारता येत नाही' असं लिहावं लागतं आणि माणूस जातो कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयापर्यंत नळी घालून अँजिओ करतात तिथे. तिथे कळतं, एवढं काही नव्हतं. साखर जुनी असलेल्या सत्तरीच्या पेशंटमध्ये हे नेहमीचं.

दोन ऊर्जांच्या मापांतून संगणक हवी ती एकच ऊर्जा धरून चित्र तयार करून देतो. वरची ऊर्जा धरली तर खडा आखडतो. इथे जाहिरात थांबते. पुढची गोष्ट अशी की वरच्या ऊर्जेला आयोडीनही फिकं पडतं, म्हणजे खडा लहान झाला तरी शेजारून वाहणारं रक्तच नीट दिसत नाही. मधला कुठला तरी बिंदू शोधावा लागतो. कधी फायदा होतो, कधी नुसताच वेळ जातो. कॅल्शियम पूर्ण पुसून टाकणारी चित्रंही निघतात. त्यांवर एकट्याने विसंबून मी रिपोर्ट देत नाही, कारण पुसताना धमनीचा तुकडाही पुसला जातो.

खालच्या ऊर्जेचा फायदा उलटा. ४० ते ५५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या चित्रात आयोडीन उजळून निघतं, त्यामुळे औषध कमी वापरून भागतं. मूत्रपिंड नाजूक असलेल्यांना हे खरंच कामाचं.

आता तो 'कलर'. ते चित्र धमनीचं नसतं, हृदयाच्या स्नायूत आयोडीन किती पोचलं त्याचा नकाशा असतो. जिथे रक्त कमी तिथे रंग कमी. चिवट, रंग संगणक भरतो हे बरोबर, पण आकडा मोजलेला असतो, मनाने घातलेला नसतो. साध्या सीटीत किरण हाडांतून आणि औषधाने भरलेल्या महाधमनीतून जाताना बदलतात, त्याने स्नायूवर खोटे काळे डाग पडतात. ड्युअल एनर्जीत ते बरेच कमी होतात, हा खरा गुण आहे.

पण काउंटरवर कोणी सांगणार नाही ते हे. अडथळा बराच असला तरी स्वस्थ पडलेल्या माणसाच्या स्नायूला रक्त पुरतं. शरीर पुढच्या बारीक वाहिन्या रुंद करून भागवून घेतं. तुमच्या बाबांना त्रास जिना चढताना होतो, पलंगावर पडून नाही. म्हणजे टेबलावर आरामात निजवून काढलेला नकाशा सगळीकडे छान रंगलेला आला, तरी 'ब्लॉकेज नाही' असं त्यातून सिद्ध होत नाही. तो प्रश्न विचारायचा असेल तर अ‍ॅडेनोसिन देऊन हृदयावर ताण आणून दुसरा स्कॅन करावा लागतो. दीडपट दरात तो धरला आहे का विचारा. बहुधा नसेल.

चिवट – शनिवार, सकाळी ११:५८

डॉक्टर, शेवटचा परिच्छेद सोन्याचा. तरी एक टोचतो. ड्युअल एनर्जी केलेल्या हृदयरोग्यांना पुढे कमी झटके आले, असा पुरावा आहे?

काळीपांढरीफिल्म – शनिवार, दुपारी १:१५

नाही, आणि हाच मुद्दा इथे महत्त्वाचा. स्कॉटलंडमधल्या स्कॉट-हार्ट चाचणीत छातीत दुखणारे ४,१४६ रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीची तपासणी, निम्म्यांना तिच्यासोबत सीटी अँजिओ. २०१८ मध्ये पाच वर्षांचे निकाल आले. हृदयरोगाने मृत्यू किंवा झटका, नेहमीच्या गटात ३.९ टक्के, सीटीच्या गटात २.३. ज्या पुराव्यावर सीटी अँजिओ आज इतकी लिहिली जाते तो हा. तिथली यंत्रं ६४ आणि ३२० स्लाइसची, साध्या पद्धतीने चालवलेली. ड्युअल एनर्जीबद्दल जे आहे ते चित्र किती सुधारलं, आकडा किती जुळला, या जातीचं. माणूस किती जगला या जातीचं नाही.

आणि सीटीमुळे फायदा झाला तो मुख्यतः औषधं वेळेवर सुरू झाल्याने, हेही सांगून ठेवते. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) सुरू होणार असेल तर ते काळ्यापांढऱ्या चित्रानेही होतं.

गँट्रीवाला (वडोदरा) – शनिवार, दुपारी ४:३०

सीटी टेक्निशियन आहे. मॅडमनी वरचं सगळं सांगितलं, मी यंत्राच्या बाजूने लिहितो. 'ड्युअल एनर्जी' या एका पाटीखाली तीन वेगळी यंत्रं विकली जातात आणि हृदयाच्या बाबतीत ती एकसारखी वागत नाहीत.

सीमेन्सचं दोन ट्यूबचं यंत्र २००५-०६ मध्ये आलं. एका गँट्रीत, म्हणजे पेशंटभोवती फिरणाऱ्या कड्यात, साधारण काटकोनात दोन ट्यूब, एक कमी विद्युतदाबावर, एक जास्त. जीईच्या यंत्रात ट्यूब एकच, ती मिलिसेकंदाच्या आत ८० आणि १४० मधे उड्या मारत राहते. फिलिप्सने ट्यूबला हातच लावला नाही, खालचा डिटेक्टर दोन थरांचा केला. वरचा थर कमी ऊर्जेचे किरण टिपतो, त्यातून सुटलेले खालचा. यात आधी ठरवावं लागत नाही, प्रत्येक स्कॅनमध्ये दोन्ही मापं येतातच. अशा यंत्रावर 'ड्युअल एनर्जी मोड'चे वेगळे पैसे म्हणजे फक्त संगणकावरच्या कामाचे पैसे.

आता रामबागकरांनी ऐकावं. दोन ट्यूबचं यंत्र हृदयासाठी नावाजलं ते वेगामुळे. दोन्ही ट्यूब एकाच दाबावर चालवल्या तर पाव फेरीत चित्र पुरं होतं, नव्या यंत्रात ६६ मिलिसेकंदांत. नाडी जोरात असली तरी हृदय गोठवल्यासारखं दिसतं. पण दोन ऊर्जांची वेगवेगळी चित्रं काढायची तर प्रत्येक ट्यूबला आपापली अर्धी फेरी एकटीने पुरी करावी लागते. म्हणजे वेग निम्म्यावर आला. नाडी शांत असेल तर चालून जातं. जोरात असेल तर उजवी धमनी पुसट येते. जादा पैसे देऊन हललेला फोटो.

बाबांची नाडी किती असते?

शिक्षितअडाणी (मुंबई) – शनिवार, सायंकाळी ६:०२

दोन ट्यूब म्हणजे दुप्पट रेडिएशन, यात विचारायचं काय? एका सीटीत शेकडो एक्स-रे एवढं बसतं असं आमच्या ग्रुपवर आलं होतं. वयस्कर माणसाला कशाला त्रास.

गँट्रीवाला – शनिवार, सायंकाळी ६:४०

दुप्पट नाही. एकूण मात्रा दोन ट्यूबांत वाटून देतात, बेरीज साधारण साध्या स्कॅनएवढीच ठेवतात. दोन थरांच्या यंत्रात तर ट्यूब एकच, प्रश्नच नाही.

आकडेच हवेत तर, पृथ्वीवर नुसतं राहण्याचं जगाचं सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट. जुन्या पद्धतीच्या हृदयाच्या सीटीत १० च्या वर सहज जायचं. आता चांगल्या यंत्रावर, नाडी नीट असेल तर, ५ च्या आत बसतं. नाडी बेताल असली की ठोक्याच्या जास्त भागात किरण चालू ठेवावे लागतात आणि मात्रा वाढते. म्हणून गोळी देऊन नाडी उतरवायला आम्ही एवढे मागे लागतो. आणि छातीच्या एका एक्स-रेत इतकं कमी असतं की 'इतके एक्स-रे' म्हटलं की कुठलीही चाचणी भयानक वाटते.

७२ व्या वर्षी छातीत भरून येत असताना काळजी रेडिएशनची करायची की धमनीची, हे ज्याने त्याने ठरवावं.

रामबागकर – शनिवार, रात्री ८:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. गँट्रीवाला भिया, आत्ता मोजली, ८८. मधूनच एखादा ठोका चुकल्यासारखा लागतो. लहानपणी दमा होता, थंडीत अजूनही पंप लागतो.

काळीपांढरीफिल्म – शनिवार, रात्री ९:०५

ही माहिती पहिल्या पोस्टमध्ये हवी होती, आणि त्याहून जास्त चिठ्ठीवर.

सीटीआधी नाडी ६० च्या आसपास आणायला मेटोप्रोलॉलसारखी गोळी देतात. दमेकऱ्याला ती जपून, किंवा नाहीच, पर्यायी औषधं आहेत. अ‍ॅडेनोसिनही दम्यात त्रास देऊ शकतं. सेंटरवर गेल्यावर पहिल्या माणसाला सांगा, शेवटच्याला नको. ८८ ची, मधे चुकणारी नाडी घेऊन दोन ट्यूबच्या यंत्रावर ड्युअल एनर्जी मोड मागणं म्हणजे यंत्राचा उत्तम गुण बंद करून घेणं.

डॉक्टरांना फोनवर एक गोष्ट विचारा: आयोडीनचं औषध न देता आधी नुसता कॅल्शियम स्कोअर काढायचा का? १९९० पासून चालत आलेली पद्धत, अ‍ॅगॅटस्टन स्कोअर. १३० हौन्सफील्डच्या वरचं सगळं कॅल्शियम मोजतात. सुई नाही, एक श्वास रोखायचा. ० आला तर एक गोष्ट, ४०० च्या वर गेला तर दुसरी. खूपच वर गेला तर सीटी अँजिओ कुठल्याही ऊर्जेची करा, निम्म्या जागी 'सांगता येत नाही' असंच लिहिलं जाणार. मग ताण देऊन करायची दुसरी तपासणी किंवा सरळ कॅथेटर अँजिओ, हे त्यांनी ठरवायचं. जिना चढताना दुखतं, थांबलं की जातं, वय ७२, साखर: या गोष्टी एकत्र आल्या की शंका मुळातच बळकट असते. सीटी अँजिओचं खरं बळ कमी-मध्यम शंका असलेल्या माणसाला 'काही नाही, घरी जा' म्हणण्यात आहे.

आणि त्रास बसल्याजागी व्हायला लागला, घाम आला, वीस मिनिटांत थांबला नाही, तर धागा बंद करून थेट इमर्जन्सीत न्या.

सुमामावशी – रविवार, सकाळी ७:४०

दमा म्हणे आता सांगतोय. बाबांना विचारून सगळ्या औषधांची यादी कागदावर लिही बाळा. पुरुष माणसं डॉक्टरांसमोर निम्म्या गोळ्या विसरतात.

गँट्रीवाला – रविवार, सकाळी १०:१५

मावशींना दुजोरा, आणि एक गोळी पुरुष विसरत नाहीत, लपवतात. स्कॅनच्या आधी धमन्या रुंद व्हाव्यात म्हणून जिभेखाली नायट्रेट देतात. सिल्डेनाफिल (व्हायग्रा) किंवा त्या जातीचं काही घेतलेलं असताना नायट्रेट दिलं तर बीपी धाडकन पडू शकतं. आम्ही विचारतो तेव्हा सोबत सून उभी असते, मग सासरेबुवा 'नाही नाही' म्हणतात. अशा वेळी मी सुनेला फॉर्म भरायच्या निमित्ताने बाहेर पाठवतो.

बाकीचं पटापट. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) ताजा रिपोर्ट आणा. मेटफॉर्मिन (साखरेची गोळी) चालू असेल तर सांगा, मूत्रपिंड बरंच कमजोर असेल तर ती ४८ तास थांबवतात, नाहीतर बहुतेकांना थांबवावी लागत नाही. चहा-कॉफी आदल्या रात्रीपासून बंद, नाडी वाढते. ताण देऊन स्कॅन असेल तर चहा जास्तच कडक बंद, कारण कॅफिन अ‍ॅडेनोसिनचं काम बिघडवतं. सुई हिरवी, १८ नंबरची, कोपराच्या घडीत, औषध सेकंदाला पाच-सहा मिलिलिटरच्या वेगाने जातं म्हणून. मनगटावरची बारीक शीर तेवढं सोसत नाही, तेव्हा 'इथे दुखतं, तिथे लावा' असा हट्ट करू नये. श्वास रोखायची घरी तालीम करा. पोट ताणून खोल घेऊ नका, मध्यम घ्या आणि दर वेळी तेवढाच.

लष्करकर (ग्वाल्हेर) – रविवार, दुपारी २:५०

उत्तम धागा, वाचनखूण साठवली आहे. आमच्या काकांना एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके बेताल पडणं) आहे. डाव्या कप्प्याच्या पिशवीत गुठळी आहे का पाहायला सीटी केली, तर 'गुठळी किंवा मंद प्रवाह' असं गुळमुळीत आलं आणि मग घशातून नळी घालून इको करावा लागला. ड्युअल एनर्जी इथे काही करते का?

काळीपांढरीफिल्म – रविवार, दुपारी ४:१०

इथे करते, थोडी. पिशवीत रक्त नुसतं मंद फिरत असेल तर आयोडीन उशिरा का होईना, पोचतं. गुठळीच्या आत पोचत नाही. आयोडीनचं प्रमाण आकड्यात मोजता आलं की दोन्हीत फरक करणं सोपं जातं. पण साध्या यंत्रावरही मिनिटभर थांबून दुसरा स्कॅन घेतला तर बहुतेक वेळा तेच कळतं: मंद प्रवाह तोवर भरून येतो, गुठळी काळीच राहते. काकांच्या वेळी तो उशिराचा स्कॅन घेतला होता का पाहा.

रामबागकर – मंगळवार, रात्री १०:००

डॉक्टर काल आले, फोनवर बोललो. दमा आणि नाडी ऐकून त्यांनी चिठ्ठीच बदलली. आज नुसता कॅल्शियम स्कोअर केला, हजाराच्या वर आला. ते म्हणाले सीटी अँजिओ आता नकोच, साधीही नको नि ड्युअलही नको. औषधं वाढवली आहेत आणि पुढच्या आठवड्यात कॅथेटर अँजिओ ठरली. बाबा शांत आहेत. आईला सुमामावशींचा प्रतिसाद वाचून दाखवला, हसली.

सेंटरवर फोन करून दीडपटवाली तारीख रद्द केली. 'सर, डिस्काउंट कर देंगे' म्हणाले.

चिवट – मंगळवार, रात्री १०:१२

डिस्काउंट! मी म्हटलं नव्हतं? बाबांना शुभेच्छा.

किरणोत्सुक – बुधवार, सकाळी ६:३०

चिवट, तुम्ही 'पॅकेज' म्हणाला होता, 'कॅल्शियम स्कोअर' नाही. हलके घ्या.

एक भर घालतो. गँट्रीवालांनी सांगितलेला वेग आणि ऊर्जा यांतला झगडा पुढे राहणार नाही. फोटॉन मोजणारे डिटेक्टर आले आहेत. त्यात क्ष-किरणाचं आधी प्रकाशात रूपांतर होत नाही, अर्धवाहकात येणारा प्रत्येक फोटॉन ऊर्जेसकट मोजला जातो. सीमेन्सच्या अशा पहिल्या यंत्राला २०२१ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. दोन ट्यूब पूर्ण वेगात चालवूनही ऊर्जेची माहिती मिळते आणि बारकावा ०.२ मिलिमीटरपर्यंत जातो. ब्लूमिंगवर खरा उतारा हा बारकावाच वाटतो मला, ऊर्जेचं गणित नंतर.

सराफ्यातली (इंदूर) – बुधवार, सकाळी ११:४५

उशिरा आले. माझ्या आईला स्टेंट आहे, बसवून बरीच वर्षं झाली. आता सीटीने आतून बंद झालाय का ते बघायचं म्हणतात. तिची नाडी ६२, दमा-बिमा काही नाही. तिच्यासाठी ड्युअल एनर्जी घ्यावी का?

गँट्रीवाला – बुधवार, दुपारी १:०५

आधी स्टेंटचा व्यास बघा. ३ मिलिमीटर किंवा मोठा असेल तर सीटीत आत डोकावता येतं, आणि धातूची चमक कमी करायला वरच्या ऊर्जेचं चित्र मदत करू शकतं. नाडी ६२ असल्याने वेगाची अडचणही नाही. अडीचचा असेल तर आजच्या नेहमीच्या यंत्रावर कुठल्याच मोडमध्ये खात्री नाही. व्यास, लांबी, कुठल्या धमनीत बसवला, हे सगळं डिस्चार्ज कार्डावर असतं, नाहीतर स्टेंटचं स्टिकर फाइलला चिकटवलेलं असतं. ते घेऊन या. 'हार्ट में एक छल्ला है' एवढ्यावर आम्ही काही ठरवू शकत नाही.